सव्वासहाची गाडी आणि मुकादमाची जागा: एका काजू कारखान्यातील प्रकरण अभ्यास

प्रकरण कुठलं

सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यातला हा मध्यम आकाराचा काजू कारखाना. कामाला शंभरेक माणसं, त्यात ऐंशीच्या वर बायका. कारखान्याचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. जिच्याभोवती हे प्रकरण फिरतं तिला कारखान्यात लहानथोर सगळे ‘वहिनी’ म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच.

लैंगिक छळ प्रतिबंधासाठी 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी जी अंतर्गत समिती लागते, तिची बाहेरची सदस्य म्हणून माझा या कारखान्याशी संबंध आला. समितीपुढे येणाऱ्या तक्रारींबद्दल बाहेर काही बोलायला कायद्याने मनाई आहे आणि इथे तसा विषयही नाही. विषय एका बढतीचा आहे, पण त्याची सुरुवात मात्र या समितीच्या कागदांतून झाली.

पार्श्वभूमी

एका परदेशी खरेदीदाराने माल घेण्याआधी कारखान्याची तपासणी ठेवली. त्याच्या प्रश्नावलीत समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि हुद्दा विचारला होता. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की समिती हवी, आणि तिची अध्यक्ष त्याच ठिकाणी वरच्या पदावर काम करणारी स्त्री हवी, असं कायदा सांगतो. कागदावर अध्यक्ष म्हणून मालकांच्या पत्नीचं नाव होतं. त्या नोकरीत नव्हत्या आणि दसऱ्याच्या यंत्रपूजेखेरीज फारशा दिसतही नव्हत्या. मी नाव बदलायला सांगितलं. व्यवस्थापकांनी हजेरीपट वरून खाली वाचला, मग खालून वर. वरच्या पदावर एकही बाई सापडली नाही. कायद्यात सोय आहे म्हणून मालकांच्या दुसऱ्या आस्थापनेतल्या लेखापाल बाईंना तेवढ्यापुरतं अध्यक्ष केलं. पण ऐंशी बायकांच्या कारखान्यात हे नाव बाहेरून आणावं लागलं, याची मालकांना स्वतःलाच लाज वाटली. पुढचं सगळं त्यातून घडलं, म्हणून त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

काजूचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बी आधी वाफवतात, मग यंत्रावर फोडतात. आतला गर सालीसकट बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या खोलीत, सुकवतात. मग सालकाढणी, मग प्रतवारी, शेवटी पॅकिंग. टरफलात तेल असतं, त्याने कातडी भाजते, म्हणून फोडणीवर बसणाऱ्यांची बोटं काळी पडलेली दिसतात. प्रतवारीतला 180, 240, 320 हा आकडा एका पौंडात बसणाऱ्या गरांचा. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. अख्ख्या गराची पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा झाला की आणखी. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. तेव्हा कारखान्याची कमाई बऱ्याच अंशी गर अख्खा राहण्यावर अवलंबून असते. गर अख्खा ठेवणारे हात बायकांचे असतात. बॉयलर, बोरमा, वजनाचा काटा, साठ्याची वही आणि व्यवस्थापकाची खोली मात्र पुरुषांकडे होती. कोणी तसा नियम केलेला नव्हता. चालत आलं होतं.

प्रश्न कसा उभा राहिला

सालकाढणी आणि प्रतवारीच्या हॉलचा मुकादम नोकरी सोडून गोव्याला गेला. सीमेपलीकडच्या औषध कंपन्यांकडे इकडची मुलं पूर्वीपासून जातातच, जानेवारी 2023 मध्ये उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तो ओढा आणखी वाढला. जागा रिकामी झाली ती पावसाच्या तोंडावर, पुढे गणपती आणि दिवाळीच्या ऑर्डरी.

मालकांनी वहिनीला विचारलं. वहिनीचं वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण दहावीपर्यंत. बारा-तेरा वर्षं प्रतवारीवर बसलेली, हात इतका पक्का की गर बोटाखालून जाताना आकडा सांगेल. शिवाय वाडीतल्या बचत गटाची सचिव. कर्ज थकवणाऱ्या शेजारणीकडे चहा पिऊन, भांडण न करता हप्ता घेऊन येणारी अशी तिची ख्याती.

ती नाही म्हणाली. “माका काय ता जमाचा नाय.”

व्यवस्थापकांनी याचा अर्थ लगेच लावला: आत्मविश्वास नाही. आमच्या बायकांना जबाबदारी नको असते, आपण देऊ केलं होतं, त्यांनीच घेतलं नाही. हा निष्कर्ष मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता त्यातलं वाक्य संपण्याआधी पुढचं वाक्य ठाऊक असतं. पुढचं वाक्य असतं प्रशिक्षणाचं. व्यक्तिमत्त्व विकासाची एक दिवसाची कार्यशाळा ठेवू या, बाहेरून कोणीतरी बोलायला आणू या.

पहिला निर्णयबिंदू: नकाराचा अर्थ

कार्यशाळेआधी तिला नीट विचारू या, असं मी सुचवलं. मालकांच्या खोलीत विचारलं असतं तर तेच उत्तर आलं असतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडलेले असताना, प्रतवारीवरच्या आणखी दोघीतिघींच्या देखत बोलणं झालं. तिथे कारणं भराभर निघाली, आणि त्यांतलं एकही आत्मविश्वासाचं नव्हतं.

पहिलं पैशाचं. प्रतवारी आणि सालकाढणीची मजुरी किलोवर. मुकादमाला महिन्याचा ठरलेला पगार. “सीझनाक माका हेच्यापेक्षा जास्त गावतत, मगे पगार घेवन मी काय करू?” हिशेब मांडला तर तिचं खरं होतं. मार्च ते मे इथल्या बीचा हंगाम आणि मग दिवाळीआधीचे दोन महिने, या काळात तिची कमाई मुकादमाच्या पगारापेक्षा दीड-दोन हजारांनी वर जात होती. मंदीच्या महिन्यांत ती खाली यायची, पण जूनची शाळेची फी आणि गणपतीचा खर्च हंगामाच्या पैशांवर चालतो. बढती घेणं म्हणजे नेमक्या गरजेच्या महिन्यांत कमी पैसे घरी नेणं. वर्षाची सरासरी काढून व्यवस्थापक सांगत होते की फरक पडत नाही. सरासरीने वाण्याची उधारी फिटत नाही.

दुसरं कारण एसटीचं. तिच्या वाडीकडे जाणारी शेवटची गाडी सव्वासहाची. मुकादमाने दिवसाचा साठा जुळवून वही बंद करायची ती आठच्या सुमाराला, कारण पॅकिंगचा माल तेव्हा येई आणि आधीचा मुकादम कारखान्यापासून दहा मिनिटांवर राहत होता. “गाडी गेली की माका घराक कोण पोचयतलो?” यावर व्यवस्थापकांनी कायदा पुढे केला, की बायकांना सातनंतर थांबवताच येत नाही, म्हणजे हे काम बाईचं नव्हेच. 1948 च्या कारखाना कायद्याची मूळ चौकट स्त्रियांसाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी होती हे खरं, आणि ती पुढे अटींवर सैल होत गेली हेही खरं. पण साठा रात्री आठलाच जुळवावा असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? ती एका माणसाच्या सोयीने पडलेली सवय होती.

तिसरं कारण ती सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात बोलली. हॉलमध्ये तिची सख्खी जाऊ सालकाढणीला होती, दोन चुलत नणंदा होत्या, बाकीच्या बऱ्याचशा त्याच दोन वाड्यांतल्या. “जावेचो माल परत केलंय तर घरात तोंड कसा दाखवू?”

समोर होते ते पर्याय

बाहेरून पदवीधर मुलगा आणणं हा पर्याय सोपा होता आणि व्यवस्थापकांना पसंतही. अन्नतंत्र शिकलेला एखादा रत्नागिरी-कुडाळकडचा मुलगा मिळाला असता. पण तो दीड वर्षाने गोव्यालाच गेला असता, आणि तोवर तुकडा का होतोय हे त्याला याच बायकांना विचारावं लागलं असतं.

वहिनीला ‘सहायक मुकादम’ करावं आणि वर कागदोपत्री बोरमा सांभाळणाऱ्या काकांकडे सगळा ताबा ठेवावा, हा दुसरा. मालक याकडे झुकले होते, कारण यात कोणी दुखावत नव्हतं. मी याला ठाम विरोध केला. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, आणि खुर्चीत बाई व फायलीवर सरपंचपती हे चित्र आपण गावोगाव पाहिलंय. त्याच गावात दुसऱ्या खेपेला स्वतःच्या हिमतीने कारभार करणाऱ्या सरपंचबाईही पाहिल्या आहेत, हेही सांगायला हवं. पण ग्रामपंचायतीत निदान पाच वर्षांची मुदत असते. कारखान्यात नामधारी पदावरच्या बाईला पहिल्याच चुकीला “बघा, जमलं नाही” म्हणून घरी बसवता येतं.

तिसरा पर्याय, पद आहे तसं ठेवून वहिनीला तयार करायचं. चौथा, पदच मोडून नव्याने बांधायचं. तिने सांगितलेल्या तीन कारणांपैकी दोन तरी सरळ पदाच्या बांधणीत होती, म्हणून चौथा निवडला. मालकांनी होकार दिला तो दिवाळीपर्यंतच्या मुदतीवर.

काय केलं

पगाराला हंगामी भत्ता जोडला. हंगामाच्या महिन्यांत प्रतवारीवरच्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या पाच जणींची सरासरी काढायची आणि मुकादमाचा पगार त्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. साठा जुळवण्याची वेळ साडेपाचवर आणली. त्यानंतर पॅकिंगमधून येणारा माल दुसऱ्या दिवशीच्या खात्यात. व्यवस्थापकांना भीती होती की रात्रीत माल कमी होईल. खोलीला दोन कुलुपं लावली, एक किल्ली पॅकिंगवाल्याकडे, एक वहिनीकडे. संगणकावरचा तक्ता भरायला कार्यालयातल्या मुलीने शिकवलं. बचत गटाच्या वह्या लिहिणारीला ते अवघड गेलं नाही, आणि त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जावेच्या प्रश्नाला पगारासारखा सूत्रात बसणारा उपाय नव्हता. वहिनीनेच एक सुचवलं. माल परत करायचा निर्णय माणूस बघून होऊ नये म्हणून टोपल्यांवर नावाऐवजी क्रमांक टाकायचे आणि तपासणीला तिच्याबरोबर रोज वेगळी बाई बसवायची. अर्थात, इतक्या वर्षांनी कुणाची टोपली कुठली हे हात बघूनच कळतं, असं ती नंतर हसून म्हणाली. पण निदान बोलायला जागा राहिली.

रुजू झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते आमच्या कोणाच्या यादीत नव्हतं. वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावर असा ठेवलेला असे की आकडा फक्त मुकादमाला दिसे. तिने तो फिरवून बायकांकडे केला. मजुरी किलोवर असताना किती वर्षं तो आकडा मुकादमाच्या तोंडून ऐकून घ्यावा लागत होता! आधीचा मुकादम वजन मारत होता असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण संशयावरून रोज संध्याकाळी जी कुरकुर व्हायची ती थांबली.

दुसरा निर्णयबिंदू: बोरम्याचा ट्रे

खरी परीक्षा श्रावणात झाली. तुकड्याचं प्रमाण वाढलं. व्यवस्थापकांनी नेहमीप्रमाणे हॉलला जबाबदार धरलं आणि सालकाढणीच्या मजुरीतून कपात करण्याची सूचना वहिनीला दिली. कपात न करणारी मुकादम मऊ ठरणार होती, आणि केली असती तर बायकांच्या नजरेतून उतरली असती.

तिने तिसरंच केलं. पावसाळ्यात हवेत ओल असते. बोरम्यातून काढलेला गर लगेच सालकाढणीला गेला नाही तर साल पुन्हा मऊ पडते, सुरीने खरवडावी लागते, गर फुटतो. उलट जास्त सुकवला तर ठिसूळ होऊन हातातच दुभंगतो. आठवडाभर तिने प्रत्येक ट्रे बोरम्यातून कधी निघाला आणि हॉलमध्ये कधी पोचला याची वेळ खडूने ट्रेवरच लिहून ठेवायला लावली. रात्री काढून सकाळपर्यंत उघडे राहिलेले ट्रे आणि घाईत जास्त तापवलेले ट्रे, तुकडा त्यांतूनच येत होता. मग तिने असे दोन ट्रे परत पाठवले.

बोरम्याचे काका साठीचे, मालकांच्या वडिलांच्या वेळचे. ते ट्रे घेऊन थेट मालकांच्या खोलीत गेले. “आता बायलमाणसान माका बोरमो शिकवचो?”

मला विचाराल तर सगळं प्रकरण इथे तुटलं किंवा तगलं असतं. मालकांनी वहिनीला “जरा सांभाळून घे, वडीलधारे आहेत” म्हटलं असतं, तर तिच्याकडे पगार, किल्ली, तक्ता सगळं राहिलं असतं आणि अधिकार गेला असता. मालक दोन दिवस गप्प राहिले. मला तेव्हा ते टाळाटाळ वाटलं. पण त्या दोन दिवसांत त्यांनी स्वतः दोन्ही प्रकारचे ट्रे वेगळे सोलून घेतले आणि तुकडा वजन करून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याचा नियम म्हणून सांगितलं: हॉलची मुकादम, मग ती कोणीही असो, बोरम्याचा ट्रे परत करू शकते, आणि परत आलेल्या ट्रेचा तुकडा हॉलच्या खात्यावर धरायचा नाही. काकांना त्यांनी खाली बसवून समजावलं, सगळ्यांसमोर नाही. नियम पदाला जोडला, वहिनीला नाही. त्यामुळे काकांना ‘एका बाईपुढे हरलो’ असं म्हणायची वेळ आली नाही. पुढे काकाच ट्रे कधी काढायचा हे तिला विचारून ठरवू लागले. मैत्री वगैरे झाली नाही. काम झालं.

काय झालं

त्या दिवाळीला माल वेळेवर गेला. तुकडा कमी झाला. पावसाळा ओसरल्यावर तो थोडा कमी होतोच, म्हणून सगळं श्रेय नव्या व्यवस्थेला देणं बरोबर नाही, पण परत पाठवलेल्या ट्रेच्या नोंदी पाहिल्या तर बराचसा वाटा तिचा दिसतो. दिवाळीनंतर वहिनीचं पद कायम झालं. समितीची फेररचना झाली तेव्हा अध्यक्ष म्हणून तिचं नाव आलं आणि बाहेरच्या लेखापाल बाई मोकळ्या झाल्या.

जमलं नाही तेही लिहायला हवं. गणपतीच्या सुमाराला जावेची टोपली परत गेली, क्रमांकाची असूनसुद्धा. तिने काम सोडलं आणि शेजारच्या गावातल्या छोट्या युनिटात लागली. त्या वर्षी घरच्या गणपतीला दोघी एकाच स्वयंपाकघरात होत्या आणि बोलत नव्हत्या. वहिनीने पद सोडायचा विचार केला तो फक्त तेव्हा. तिच्या नवऱ्याने थांबवलं, असं ती सांगते. तो स्वतः ट्रॉलरवर जाणारा, त्याच्या मते तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, झालं की भाऊबंदांच्या शिव्या खायच्याच असतात.

आणि दुसरी बाई पुढे आली नाही. प्रतवारीवरच्या ज्या दोघींकडे मालकांचं लक्ष होतं, त्यांनी वहिनीच्या घरचं पाहून हात वर केले.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते एकटीला बसवणं ही मोठी उणीव. दोघी असत्या, आठवड्याआड पाळी असती, तर जावेची टोपली कोणी परत केली याचं बोट एकीवर आलं नसतं. मालकांचा आक्षेप खर्चाचा होता आणि तो खोटा नव्हता, पण गेलेल्या एका तरबेज सोलणारीच्या जागी नवी शिकवून तयार करायलाही खर्च येतोच.

हंगामी भत्त्याचा नियम तोंडी राहिला. पहिल्या वर्षी पाळला. दुसऱ्या वर्षी बीचा भाव चढल्यावर व्यवस्थापकांनी पाचऐवजी दहा जणींची सरासरी धरली आणि आकडा खाली आणला. वहिनीने वही दाखवून तो परत पाचवर आणला. नेमणूकपत्रात एक ओळ असती तर हा वाद झालाच नसता.

पाळणाघराचा विचार उशिरा झाला. तीसपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, हे कारखाना कायद्यात 1976 पासून होतं. इथे त्या खोलीत रिकामे टिन ठेवलेले होते. वहिनीची मुलं मोठी, म्हणून तिच्या प्रकरणात हा मुद्दा आला नाही. पण ज्या दोघींनी हात वर केले त्यांच्यातल्या एकीचं मूल अडीच वर्षांचं आहे, आणि घरचं भांडण हे तिचं एकमेव कारण असेल असं मला वाटत नाही.

सध्या वेगळीच चर्चा चालू आहे. व्यवस्थापक वर्षभरात निवृत्त होतील. वहिनीचं नाव निघालं तेव्हा मालक म्हणाले, तिला बॉयलरचं कुठे कळतं? बॉयलर चालवायला प्रमाणपत्र लागतं, ते बॉयलरवरच्या माणसाकडे आहे. आताच्या व्यवस्थापकांकडे ते कधीच नव्हतं, हे मी बैठकीत विचारून घेतलं. मालकांनी निर्णय हंगाम संपेपर्यंत पुढे ढकललाय. तोवर वहिनीने आपल्या बाजूने दोन गोष्टी मागून घेतल्या आहेत: बी खरेदीच्या वेळी बाजारात बरोबर नेणं, आणि प्रतवारीवरच्या दोन मुलींना आळीपाळीने बोरम्यावर काकांच्या हाताखाली बसवणं. पहिलीला मालकांचा होकार आला आहे. दुसरीला काकांचा.